शेट्यांच्या घरची पाळी

सोनखड्यात चावडीच्या भिंतीवर लिहिलेलं नाव पुसत नाहीत. भिंत चांगली लांब आहे, पांढरा ऑइलपेंट मारलेली, आणि तिच्यावर गावातल्या प्रत्येक घराची एक ओळ आहे. सुरुवातीला आडनाव, त्याच्यापुढं दरसाली एक नाव. त्या साली घरातल्या ज्या माणसानं रक्त दिलं त्याचं. फार वर्षांमागं घाटात वऱ्हाडाची गाडी उलटली आणि रक्त मिळेपर्यंत पाच माणसं गेली, तेव्हापासूनचा हा रिवाज. घरटी एक पिशवी, पाळीपाळीनं, देवळातल्या दिव्याला तेल घालायची पाळी असते तशी. रंगारी शिबिराच्या आदल्या दिवशीच नावं रंगवून मोकळा व्हायचा. आणि एकदा रंगवलेलं नाव पुसणं म्हणजे जित्या माणसाचं तेरावं घालणं, अशी गावाची समजूत.

एवढ्या मोठ्या भिंतीवर पुसलेलं नाव एकच. शेट्यांच्या ओळीत. कुणीतरी टर्पेंटाइननं घासून काढलं होतं, तिथं पिवळट डाग राहिलाय. त्याच्यापुढं अठरा वर्षं ओळ कोरी.

ते नाव होतं वृषाली शेटेच्या दिराचं, सुहासचं. ते पुसलं जायला कारण कोण झालं, हे गाव विसरलं असेल. वृषाली विसरली नव्हती.

ती तालुक्याच्या रक्तकेंद्रात तंत्रज्ञ होती. बावीस वर्षं हातात सुई आणि नळ्या. लोकांची बोटं टोचून टोचून तिला माणसं कळायला लागली होती, असं ती स्वतःच म्हणायची. घरातली माणसं कळायची राहिली, ते पुढं येईलच.

केंद्रात दोन वर्षांपूर्वी नवं यंत्र आलं. कंपनीनं ठेवलेलं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून शिपाई बाबूरावांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, चित्रगुप्त. आता जिल्ह्याच्या बैठकीतसुद्धा लोक तेच नाव घेतात.

नाव चुकीचं नव्हतं. अगदी जुन्या चाचण्या रक्तातले पहारेकरी शोधायच्या. रोगजंतू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, ती. पण पहारेकरी उभे राहायला कित्येक आठवडे जातात, आणि तेवढ्या दिवसांत दात्याचं रक्त चाचणीत स्वच्छ दिसून पेशंटला चढूनही जायचं. मग थेट विषाणू शोधणाऱ्या चाचण्या आल्या. पण त्याही नाव घेऊन विचारायच्या. एचआयव्ही आहेस का? कावीळ बी? कावीळ सी? ज्याचं नाव घेतलंच नाही तो गुपचूप पिशवीत बसून जायचा. चित्रगुप्त नाव घेऊन विचारत नाही. थेंबात तरंगणारे जनुकांचे सगळे तुकडे तो अक्षर न अक्षर वाचतो आणि चाळीस मिनिटांत सांगतो, घरात कोण कोण आहे.

तो दात्याची स्वतःची जनुकंही वाचतो, त्याला दोन कारणं. एक म्हणजे नळ्यांची अदलाबदल. लेबल एकाचं आणि रक्त दुसऱ्याचं, असं झालं तर ते लगेच कळतं. दुसरं कारण ऐकून लोकांना नवल वाटतं. सख्ख्या नातेवाइकाचं रक्त पेशंटला धोक्याचं असतं. त्यातल्या पांढऱ्या पेशी इतक्या ओळखीच्या वाटतात की शरीर त्यांना परकं समजून हाकलत नाही. त्या आत मुक्काम ठोकतात आणि मग घरमालकावरच उलटतात. म्हणून चित्रगुप्त नोंदवून ठेवतो, कोण कुणाचं किती जवळचं.

यंत्र आल्यावर सरकारनं एक चांगलं काम काढलं. ज्यांना जुन्या चाचण्यांनी कायमचं बाद केलं होतं त्यांच्या नळ्या केंद्रांच्या फ्रीजरमध्ये पडून होत्या. त्या पुन्हा वाचायच्या. जुन्या चाचण्या कधी कधी नुसत्याच भुंकायच्या. ताप येऊन गेला, लस घेतली, तरी दाता बाद. अशी तालुक्यातली एकशे चाळीस माणसं निर्दोष निघाली. एका रिटायर्ड मास्तरांना वृषालीनं फोन केला तर ते फोनवरच रडायला लागले.

सुहासची नळी तिनं मुद्दाम सगळ्यात शेवटी लावली होती. चाळीस मिनिटं ती स्टुलावरून उठली नाही. निकाल आला, कावीळ सी, विषाणू खरा. म्हणजे जुनी चाचणी खोटं बोलली नव्हती. तिला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला नंतर फार लाज वाटली.

लाज वाटायला कारण होतं. अठरा वर्षांपूर्वी ते शिबिर झालं तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी होती. केंद्रातल्या मैत्रिणीनं फोन केला, अगं, तुझ्या दिराचा रिपोर्ट रिअॅक्टिव्ह आलाय, कावीळ सी निघालीय, त्याला गुपचूप बोलावून घे. रिपोर्ट दात्याशिवाय कुणाला सांगायचा नसतो, हे वृषालीला पाठ होतं. पण घरातलंच माणूस, त्याला काय लपवायचं, असं म्हणून तिनं सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी जावेला सांगितलं. गावाला कळायला दीड दिवस लागला.

दोन महिन्यांच्या शरयूला घेऊन ती सासरी आली तेव्हा सुहासचं ताट आणि कप वेगळे झाले होते. चहा पिऊन तो स्वतःचा कप स्वतः विसळायचा आणि मागच्या खिडकीत पालथा घालायचा. हा विषाणू रक्तातून जातो, कपातून जात नाही, हे त्या घरात एकट्या वृषालीला माहीत होतं. तिनं तोंड उघडलं नाही. मांडीवर तान्हं पोर होतं, आणि मनात कुठंतरी उगाच भीती होती. पंधरा दिवसांनी सुहास बॅग घेऊन निघून गेला. ठरलेली सोयरीक मोडली, ती मोडलीच. सासू-सासऱ्यांच्या मातीला तेवढा येऊन गेला, बाहेरच्या बाहेर.

यंदा शरयूला अठरा पूर्ण झाली, आणि तिनं हट्ट धरला.

"आई, आपली ओळ कोरी का? यंदा मी देणार. आपल्या घरची पाळी मी घेणार."

"तुझ्या बाबांना विचार."

"बाबा म्हणतात, आईला विचार."

रणजित, वृषालीचा नवरा, गावात भडंग आणि फरसाणाचं दुकान चालवायचा. शेट्यांचं भडंग म्हटलं की सांगलीपर्यंत माणसं डबे भरून न्यायची. रक्ताचा विषय निघाला की तो उठून कढईकडं जायचा. सुई बघितली की चक्कर येते, असं कारण त्यानं बरीच वर्षं लावलं होतं.

आता नियम बदललाय. आधी थेंब, मग पिशवी. शिबिराच्या आठवडाभर आधी थेंब द्यायचा, चित्रगुप्तानं पास केलं की मगच नाव. शरयू कॉलेजला जाता जाता केंद्रात आली, वृषालीनंच तिचं बोट टोचलं, आणि पोरगी सेल्फी काढून निघून गेली.

तासाभरानं केंद्राच्या प्रमुख डॉक्टर मुजावर मॅडमनी तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मॅडम वयानं तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण माणूस समजूतदार. त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडं वळवला.

शरयू रणजित शेटे. विषाणू नाही, जंतू नाही. दाता योग्य. आणि खाली लाल चौकटीत, निकटचं नातं आढळलं, जनक आणि अपत्य. जनकाचा नमुना, सुहास तात्यासाहेब शेटे.

वृषालीनं ते दोनदा वाचलं.

"काका-पुतणी असेल, मॅडम. ते सख्खे काका आहेत तिचे."

"काका-पुतणीत पाव हिस्सा जुळतो, ताई. हा अर्धा आहे." मॅडम टेबलावरच्या पेनकडं बघत होत्या. "हे बघा, नात्याचा भाग कायद्यानं कुणालाच दाखवायचा नसतो. मी तो बंद करून टाकते. शरयूचं नाव यादीत जाईल, विषय संपला."

"मॅडम, तुम्ही समजताय तसं नाहीये."

"मी काहीच समजत नाहीये, ताई."

किती चांगुलपणानं म्हणाल्या त्या. वृषालीची कानशिलं तापली. बावीस वर्षांच्या नोकरीत तिच्याकडं कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि आता ही पोरवयाची बाई तिला पदराआड घेत होती, न केलेल्या पापासाठी. ओरडून सांगावं असं वाटलं. पण ओरडायला तोंड उघडलं आणि तिथंच तिचं डोकं चालायला लागलं.

चित्रगुप्त पाव आणि अर्ध्यात गल्लत करत नाही. म्हणजे त्या नळीतलं रक्त शरयूच्या बापाचं. आणि शरयूचा बाप कोण, हे जगात शंभर टक्के खात्रीनं सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि ते या खुर्चीत बसलं होतं. मग नळीवर नाव सुहासचं, आणि रक्त...

"मॅडम," ती हळू म्हणाली, "नळी सुहासभाऊजींची नाहीच. त्या शिबिरात रक्त द्यायला खाटेवर माझा नवरा झोपला होता."

मॅडमनी वर बघितलं. मग पडद्याकडं. मग पुन्हा तिच्याकडं, आणि या वेळी त्यांच्या नजरेतला तो दयाळूपणा गेला, त्यामुळं वृषालीला फार बरं वाटलं.

"तसं असेल तर तुमच्या दिरावरची बंदी चुकीची आहे," मॅडम म्हणाल्या. "पण नुसत्या यंत्राच्या शब्दावर ती उठत नाही. ज्यानं खरं रक्त दिलं त्यानं लेखी सांगायला पाहिजे, आणि तुमच्या दिराचा ताजा थेंब पाहिजे. आणि ताई, हा निकाल तुम्ही घरी बोलायचा नाही. तुम्हाला नियम माहीत आहे."

"आता माहीत आहे," वृषाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली आणि एसटीनं पलूस गाठलं. सुहासचं मोटार रिवायंडिंगचं दुकान स्टँडच्या मागं होतं. तो विहिरीवरच्या मोटारीत तांब्याची तार भरत बसला होता. कानाजवळ केस पिकलेले, बाकी तसाच. तिला बघून उठला, स्टूल पुसलं, आणि समोरच्या टपरीवरून दोन चहा सांगितले.

"वहिनी, सगळं बरं आहे ना? शरयूचं काही?"

"शरयू पाळी घेणार म्हणते यंदा."

तो हसला. "तात्यांची नात शोभते."

वृषाली रात्रभर काय बोलायचं ते ठरवत होती, त्यातलं एकही वाक्य आता आठवेना. ती सरळ म्हणाली, "भाऊजी, ते रक्त तुमचं नव्हतं."

सुहासनं तार खाली ठेवली. "दादानं सांगितलं?"

तिला मॅडमचं बोलणं आठवलं. नियम. मग ती म्हणाली, "नाही. कुणी सांगितलं ते मला बोलता येत नाही."

"म्हणजे तुमच्या मशीननं." तो रक्तकेंद्राच्या बातम्या वाचत असावा. "मग त्या मशीनला म्हणावं, गप्प बस. इतकी वर्षं माणसं गप्प बसली, त्याला काय जड आहे?"

"का पण, भाऊजी?"

चहा आला. त्यानं तिला दिला, आपला घेतला. "त्यात काही मोठं नाही, वहिनी. दादाच्या हातचं लोक खातात. माझ्या हातचं कुणी खात नाही. मी मोटारी दुरुस्त करतो, मोटारीला कावीळ होत नाही." चहा संपवून तो उठला, टपरीवाल्याच्या बादलीत स्वतःचा कप स्वतः विसळला आणि पालथा घालून आला. टपरीवाला म्हणाला, "मालक, राहू द्या की, रोज रोज काय?" वृषालीला पुढं बघवेना. ती एसटीत बसून पार गावापर्यंत रडत आली, शेजारच्या बाईनं तिला न विचारता आपली पाण्याची बाटली दिली.

रणजित दुपारी भडंगाला फोडणी देत होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वृषालीनं शटर अर्धं खाली ओढलं.

"अहो, मला काही विचारायचं नाहीये. सांगायचंय."

तो चुरमुरे हलवत राहिला.

तिनं सांगितलं. निकालाबद्दल एक अक्षर नाही, स्वतःबद्दल. रिपोर्ट आपण सासूबाईंना सांगितला, ते. कपातून काही होत नाही हे माहीत असून तो पालथा कप आपण पंधरा दिवस बघत राहिलो, ते. "मी शिकलेली होते. मी एक शब्द बोलले असते तर ते घर सोडून गेले नसते. आज मी त्यांच्याकडं जाऊन आले. ते अजून कप विसळतात, अहो. टपरीवरसुद्धा."

दुकानात लसूण करपल्याचा वास सुटला. रणजितनं गॅस बंद केला नाही. तिनंच केला. तो पोत्यावर बसला, झारा हातात तसाच.

"त्याला कुत्रं चावलं होतं," तो म्हणाला. "शिबिराच्या आठ दिवस आधी. इंजेक्शनं चालू असताना रक्त देता येत नाही, हे शिबिराच्या दिवशीच कळलं. आणि भिंतीवर त्याचं नाव रंगवून झालेलं. तात्या सकाळपासून खुर्ची टाकून समोर बसलेले, माझ्या सुहासची पाळी म्हणून सगळ्यांना सांगत होते. नाव पुसायचं कसं? मी म्हटलं, त्यात काय, दे तुझं कार्ड. दोघांचा गट एकच. तोंडवळा एकच. मी झोपलो खाटेवर. कुणालाही कळलं नाही." तो थांबला. "आणि नंतर रिपोर्ट आला."

"कावीळ तुम्हाला होती."

"मला होती. दात काढला होता त्या वर्षी, बाजारात बसतो त्याच्याकडं. त्याच्याच हत्यारातनं आली असणार. मी सांगतो म्हटलं होतं गं. खरंच म्हटलं होतं. सुहास म्हणाला, दादा, दुकान बसेल. वहिनी बाळंतीण आहे. मी एकटा माणूस, मला काय. मिरजेच्या डॉक्टरकडं तोच मला घेऊन गेला. चौऱ्याऐंशी दिवस गोळ्या खाल्ल्या मी, त्या डाळ्याच्या डब्यात लपवून. बरा झालो. म्हटलं, आता सांगू. पण त्याची सोयरीक मोडली होती तोवर. पहिल्या साली सांगितलं नाही, दुसऱ्या साली आणखी जड झालं. मग दरसाली वजन वाढतच गेलं."

वृषालीला राग आला. असा राग तिला लग्नानंतर कधी आला नव्हता. "मला तरी सांगायचं. मी काय परकी होते?"

"तुलाच भ्यालो मी. तू लॅबवाली."

ती त्याच्यासमोर दुसऱ्या पोत्यावर बसली. दोघंही गुन्हेगार, आणि शिक्षा भोगून आला तिसराच. तिला हसू आलं, आणि त्या हसण्यानं रणजितला रडू आलं. मोठा धिप्पाड माणूस, झारा मांडीवर ठेवून रडत होता.

"मी उद्या फॉर्म आणते," ती म्हणाली. "खरं रक्त कुणाचं, ते लिहून सही करायची. करायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी कुणाला काही बोलणार नाही. एकदा दुसऱ्याचं रक्त बोलून बसले, त्याची फळं बघितली. पुन्हा नाही."

"दुकान बसलं तर?"

"तर मी पगार मिळवते," ती म्हणाली. "आणि लोक काय म्हणतील ते म्हणू देत. करपलेलं भडंग काढून टाका आधी."

सही त्यानं केली. लेकीलाही त्यानंच सगळं सांगितलं, त्याच संध्याकाळी, अंगणात. पण सही कागदावर राहते, आणि डाग भिंतीवर होता. म्हणून तिसऱ्या दिवशी त्यानं स्कूटर काढली आणि कुणालाही न सांगता पलूसला गेला. तिथं दोघा भावांत काय झालं ते कुणालाच माहीत नाही. सुहास एवढंच म्हणतो, दादा दारात आला आणि आधी तार भरायला बसला, चुकीची भरली, मला सगळी उसवावी लागली. दुपारी दोघं केंद्रात आले. सुहासनं थेंब दिला. चाळीस मिनिटांनी चित्रगुप्त बोलला, विषाणू नाही, जंतू नाही, दाता योग्य. खाली चौकटीत, निकटचं नातं आढळलं, शरयू शेटे, पाव हिस्सा. मुजावर मॅडमनी तो पडदा वृषालीकडं वळवला आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवून म्हणाल्या, "बघून घ्या, ताई. पाव." आणि बंदी उठवल्याच्या कागदावर शिक्का मारला.

शिबिराच्या दिवशी सकाळी चावडीपुढं मांडव पडला होता. हल्ली थेंबाचे निकाल आदल्या दिवसापर्यंत येत राहतात, म्हणून रंगारी त्याच दिवशी सकाळी नावं रंगवतो. सरपंचबाई माइकवर घरं पुकारत होत्या, माणूस पुढं येत होता, भिंतीवर नाव चढत होतं. शेट्यांचं घर अठरा वर्षं पुकारलं गेलं नव्हतं. यंदा सरपंचबाई त्या ओळीपाशी येऊन अडखळल्या आणि म्हणाल्या, "शेटे. कुमारी शरयू रणजित."

शरयू उठली नाही. उठला रणजित. त्यानं माइक हातात घेतला.

"त्या साली सुहासचं म्हणून जे रक्त गेलं," तो म्हणाला, "ते माझं होतं. कावीळ मला होती. त्याला कुत्रं चावलं होतं म्हणून त्याच्या जागी मी झोपलो. त्याला कधी काहीच झालं नव्हतं. मी तीन महिने गोळ्या घेतल्या आणि बरा झालो. पण बोललो नाही. नाव त्याचं पुसलं गेलं, आणि मी इथंच उभा राहून बघितलं."

मांडवातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पहिल्या रांगेत हौसाक्का बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, तोंडात चार दात. रोज दुपारी रणजितच्या दुकानातून पावशेर भडंग नेणाऱ्या.

"म्हंजे अठरा वर्सं आमी तुजंच भडंग खातुय न्हवं?" त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "मग मेलो का आमी? खाली बस, आन धाकल्याला फुडं येऊ दे."

कुणीतरी हसलं. मग मांडवभर हसू पसरलं, ओशाळं, पण हसूच. सगळेच काही हसले नाहीत. सुहासशी ज्यांच्या घरची सोयरीक मोडली होती ते मान खाली घालून बसले होते. ते तरी काय करणार.

रंगाऱ्यानं पिवळट डागापाशी ब्रश धरला. "इथं पुन्हा सुहासच लिहू ना?"

"नको," रणजित म्हणाला. "तिथं माझं लिही. पिशवी वाया गेली, पण होती माझीच."

रंगाऱ्यानं सरपंचबाईंकडं बघितलं, त्यांनी मान हलवली. डागावर काळ्या अक्षरात रणजितचं नाव बसलं. डाग काही पूर्ण झाकला गेला नाही.

"आणि यंदाचं?"

मांडवाच्या कडेला सुहास उभा होता, खिशात हात घालून. शरयू त्याच्याकडं गेली आणि त्याचा दंड धरून त्याला पुढं घेऊन आली.

"काका, पाळी माझी आहे," ती म्हणाली, "पण तुम्हाला पाहिजे असेल तर मी पुढच्या साली घेईन."

सुहासनं भिंतीकडं बघितलं. "माझीच आहे," तो म्हणाला. "त्या सालची राहिलीय."

खाटेवर तो झोपला आणि सुई वृषालीनं लावली. नळीतून रक्त खाली यायला लागलं तसं त्यानं डोळे मिटले. "दुखतंय का?" तिनं विचारलं. "नाही," तो म्हणाला, "पहिल्यांदाच देतोय ना, म्हणून जरा." तेव्हा तिच्या ध्यानात आलं, पंचेचाळिशीला आलेल्या या माणसानं आयुष्यात कधी रक्तच दिलं नव्हतं.

पिशवी भरली. कापूस लावून तिनं त्याला बाजूच्या खुर्चीवर बसवलं. शरयूनं चहा आणि बिस्किटं आणून दिली. त्यानं अर्धा कप प्यायला, आणि सवयीनं उठला. कोपऱ्यात पाण्याची बादली होती, तिकडं निघाला.

वृषाली आडवी आली. "द्या इकडं."

"राहू द्या वहिनी, विसळतो मी."

"द्या म्हणते ना."

तिनं त्याच्या हातातून कप घेतला. सगळं गाव बघत होतं, रणजित बघत होता, हौसाक्का तर मान वर काढून बघत होत्या. कपात उरलेला अर्धा चहा तिनं उभ्या उभ्या पिऊन टाकला. गार झाला होता आणि साखर जास्त होती. मग तिनं कप शरयूच्या हातात दिला, इतर कपांबरोबर धुवायला, आणि पुढच्या घराचा माणूस खाटेवर येऊन बसला होता, त्याची बाही वर करायला गेली.